बाटली विकत घेण्यापूर्वी झाड पाहावे

पावसाळा ओसरू लागला की माझ्या मोबाईलवर पानांची छायाचित्रे येऊ लागतात. तळहातावर ठेवलेले एकच पान, त्यावर ठिपके किंवा भोके, आणि खाली प्रश्न, "हाका कितें मारूं?" झाडाला काय झाले आहे, हे विचारलेले नसते, काय फवारायचे, एवढेच हवे असते. बाजारातील दुकानदारही फारशी चौकशी न करता एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि एक टॉनिक अशा तीन बाटल्या पुढे सरकवतो. त्यांपैकी एखादी कधीकधी लागू पडते, परंतु कोणती लागू पडली हे कळत नसल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा तिन्ही घ्याव्या लागतात. गोव्यातील फोंडा महालात घराभोवतीची बाग आणि सासरचे लहानसे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, सांभाळताना माझे मत असे झाले आहे की, उपचारातील बहुतेक चुका औषधाच्या निवडीत होत नाहीत, त्या झाड नीट न पाहिल्यामुळे आणि वेळ टळल्यामुळे होतात.

एका पानावरून निदान होणे कठीण असल्यामुळे मी उलट प्रश्न विचारते. पिवळेपणा जुन्या पानांत आहे की नव्या पालवीत? जुनी पाने खालून वर पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडत असते, किंवा ती पाने केवळ वयाने गळत असतात; नव्या पालवीत शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडत असेल तर लोहाच्या अभावाचा संशय घ्यावा. एकच फांदी सुकली असेल तर दोष त्या फांदीत शोधावा, आणि सगळे झाड एकदम मलूल झाले असेल तर खोडाचा बुंधा व मुळे पाहावीत. सर्वांत उपयोगी प्रश्न मात्र शेजारच्या झाडांचा आहे. जास्वंद, क्रोटन आणि लिंबू अशी एकमेकांशी नाते नसलेली झाडे एकाच ओळीत एकाच वेळी करपली असतील, तर ते काम किडीचे किंवा बुरशीचे असण्याची शक्यता फार कमी. कारण कीड आणि रोग सहसा ठरावीक जातींनाच धरतात, तर साचलेले पाणी, सिमेंटचा गाळ किंवा गवतावर मारलेले तणनाशक असा भेद करत नाही. सुकलेली वाटणारी फांदी नखाने हलकेच खरवडून पाहावी. सालीखाली हिरवे दिसले तर तिच्यात जीव आहे, आणि तपकिरी लागत गेले तर हिरवे लागेपर्यंत खाली खरवडत जावे. रोगट व निरोगी भागांची सीमा जिथे सापडते, तिथेच कारणही बहुधा सापडते. दहापट मोठे दाखवणारे भिंग फारसे महाग नसते आणि पानाची खालची बाजू त्यातून पाहणे, हे कोणत्याही फवारणीपेक्षा आधी करण्याचे काम आहे.

पुष्कळदा झाड आजारी नसतेच. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कोणीतरी घाबरून सांगतो की, फणसाची कोवळी फळे काळी पडून गळत आहेत. गळणारे ते दांडके फळ नसून नर फुलोरा असतो. पराग सांडून झाला की तो काळा पडतो, त्यावर बुरशी येते आणि तो गळतो. मादी फुलोरा जाड देठावर, बहुतांशी खोडावर किंवा मोठ्या फांद्यांवर येतो, आणि तो शाबूत असेपर्यंत काळजीचे कारण नाही. खोडावरच्या करड्या-हिरव्या दगडफुलांचे आणि शेवाळाचेही तसेच आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा खोडावर काहीतरी उगवणारच. ते सालीतून अन्न घेत नाही, आणि तारेच्या ब्रशने घासून काढताना साल मात्र जखमी होते. आंब्याच्या सालीवर वाळवीची मातीची नळी दिसली तरी ती बहुतेक वेळा मेलेली साल खात असते. ती माती झाडून टाकावी आणि खाली जिवंत लाकडाला इजा झाली आहे का, एवढे पाहावे.

दुसरा प्रकार आपणच ओढवून घेतलेल्या आजारांचा. कुंपणाच्या भिंतीला नवा गिलावा झाला की तिच्या कडेची पिटकुळी, म्हणजे इक्झोरा, वर्षभरात पिवळी पडते. आपल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असते, परंतु गिलाव्यातील चुन्यामुळे भिंतीलगतची मातीची आम्लता जाते आणि असलेले लोह झाडाला घेता येत नाही. भिंतीपासून चार हातांवरची तीच पिटकुळी हिरवीगार असते, हाच पुरावा. बुंध्याजवळचा सिमेंटमिश्रित राडा काढून तिथे कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा भरावा, आणि तात्पुरता उपाय म्हणून लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेटचे द्रावण पानांवर फवारावे. अंगणात बुंध्यापर्यंत पेव्हर बसवून घेतलेल्या आंब्याला मात्र असा स्वस्त उपाय नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाल्यावर ते झाड शेंड्याकडून हळूहळू वाळत येते आणि त्याला दोन-तीन पावसाळे लागत असल्यामुळे, पेव्हर आणि वाळणे यांचा संबंध घरमालकाच्या लक्षातच येत नाही.

खऱ्या किडींकडे वळताना मी आधी मुंग्या पाहते. जास्वंदीच्या शेंड्यावर पाने चुरगळून गोळा झाली असतील, पेरांत कापसासारखा पांढरा थर असेल आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल, तर तो पिठ्या ढेकूण आहे. तो रस शोषतो, गोड चिकट पाणी सोडतो, मुंग्या त्या गोडासाठी त्याची राखण करतात आणि खालच्या पानांवर त्याच चिकटपणावर काळी बुरशी वाढते. ही काजळी पाहून बुरशीनाशक आणणारे पुष्कळ आहेत; तिने पान काळे दिसते, पण मूळ शत्रू वरच्या फांदीवर बसलेला असतो आणि तो गेला की काजळी सुकून आपोआप सुटते. चुरगळलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, उरलेल्या झाडावर नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि नंतर लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल थोड्या साबणात कालवून संध्याकाळी फवारावे. खोडाला चिकट पट्टा बांधून मुंग्यांची वाट अडवली की निम्मे काम मित्रकीटक करतात. पपईवरच्या पिठ्या ढेकणाने याचा मोठा धडा दिला आहे. २००८ मध्ये तो तमिळनाडूत कोइंबतूरला आढळला, पुढे पपईपासून तुती, जास्वंदीपर्यंत पसरला आणि फवारण्यांना दाद देईना. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून आणलेली अ‍ॅसेरोफॅगस नावाची अतिसूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी सोडल्यावर तो आटोक्यात आला.

माडाच्या पानांखाली पांढऱ्या मेणाची वर्तुळे काढणारी, रुगोज नावाची पांढरी माशी भारतात प्रथम २०१६ मध्ये दिसली. तिच्यावरही एन्कार्सिया ही अशीच एक चिमुकली गांधीलमाशी पोसते. भिंगातून पाहिल्यास माशीच्या काही पिलांच्या अंगाला बारीक गोल भोक पडलेले दिसते; त्यातून गांधीलमाशी बाहेर पडून गेलेली असते. अशी भोके बरीच दिसत असतील तर माडावर कीटकनाशक मारणे म्हणजे तिलाच मारणे, म्हणून तिथे फक्त पाण्याचा फवारा पुरे.

पाने कुरतडणाऱ्या अळ्यांची ओळख सर्वांत सोपी, कारण त्या पुरावा खाली टाकतात. तगरीच्या फांद्या एका रात्रीत बोडक्या झाल्या असतील, तर जमिनीवर काळ्या-हिरव्या, कंगोरे असलेल्या जाड लेंड्या शोधाव्यात आणि त्यांच्या बरोबर वर पाहावे. बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटाकडे लहानसे शिंग, असे जनावर सापडते; तेच कण्हेरीवरही येते. हाताने उचलून दूर टाकावी. कढीलिंबावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते, आणि झाड मोठे असेल तर मी तिला हातही लावत नाही. लिंबाच्या पानात नागमोडी चंदेरी रेघ ओढणाऱ्या नागअळीकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण तिने केलेल्या जखमांतून कँकर म्हणजे खैऱ्या रोगाचे जिवाणू सहज शिरतात. पानाच्या दोन्ही बाजूंना खरखरीत, बुचासारखे उंचवटे आणि भोवती पिवळे वलय, ही त्याची खूण. रोगट फांद्या कोरड्या हवामानात छाटून जाळाव्यात आणि लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारावे. भर पावसात छाटणी केली तर कात्रीच रोग पसरवते.

रात्री रोपे साफ करणाऱ्या मोठ्या शंखी गोगलगायींसाठी ओली पोती आणि पपईची पाने पसरून ठेवावीत आणि पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी उचलाव्यात. कुंडीभोवती मीठ टाकण्याची रीत झाडालाच बाधते.

खोडात शिरणारी कीड ही सर्वांत धोक्याची, कारण पान पिवळे होईपर्यंत आतले काम झालेले असते. काजूचा रोठा बुंध्याशी किंवा उघड्या मुळांशी शिरतो, लहान भोकांतून डिंक आणि लालसर भुसा बाहेर येतो. वर्षातून तीन-चारदा प्रत्येक काजूच्या बुंध्यावरचा पालापाचोळा बाजूला करून पाहणे, एवढी सवय असेल तर पटाशीने साल उघडून अळ्या काढता येतात आणि झाड वाचते. निम्म्याहून अधिक घेर खाल्ला गेला असेल तर झाड वाचवण्याचा नाद सोडावा, आणि ते सरपणासाठी बागेतच रचून न ठेवता तोडून तिथून हलवावे, कारण त्या लाकडातूनच पुढचे भुंगेरे निघतात. निरोगी झाडांच्या बुंध्याला एक मीटर उंचीपर्यंत एक भाग डांबर आणि दोन भाग रॉकेल यांचे मिश्रण लावण्याची शिफारस आहे. आंब्याच्या खोडातील भिरूड वरच्या फांद्यांतही सापडतो. भोकाखाली पडलेला ताजा भुसा दिसताच लवचीक तार आत सरकवून अळी ओढून काढावी आणि भोक मातीने लिंपावे. काजूचे कोवळे शेंडे थंडीत काळे पडून वाळतात तो मात्र वेगळा प्रकार आहे. तिथे ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो बग, रस शोषून गेलेला असतो. ज्या काजूवर हुमल्यांची, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांची, घरटी आहेत त्यावर त्याचा त्रास कमी असतो, म्हणून काजू गोळा करताना चावतात एवढ्यासाठी ती घरटी जाळणे मला पटत नाही.

माडाच्या बाबतीत आपण खालून फार थोडे पाहू शकतो. खरा वैद्य पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. गेल्या पावसाळ्यात आमचे पाडेली माडावरून उतरले ते हातात एक फिकट पिवळा, टोकदार कोंब घेऊन, आणि म्हणाले, "बाय, हाचो कोंब हातांत आयलो." कोंबाचे बूड तपकिरी, गुळगुळीत आणि लिबलिबीत झाले होते, आणि त्याला जी कुजकी दुर्गंधी येत होती तिच्यावरूनच शेंडा कुजण्याचा रोग ओळखता येतो. तो फायटोप्थोरा नावाच्या, पाण्यातून पसरणाऱ्या बुरशीसदृश जिवाने होतो. अशा वेळी कुजलेला सगळा भाग पांढरेशुभ्र निरोगी लाकूड लागेपर्यंत कोरून काढतात, त्यावर बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे मलम, लावतात आणि नवा कोंब येईपर्यंत पावसाचे पाणी आत जाणार नाही असे झाकण बांधतात. वाढीचा गाभा कुजला नसेल तर माड वाचतो. शेजारच्या माडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारणे त्याच दिवशी उरकावे.

कोंब शाबूत असून उलगडलेल्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत असतील, तर तो गेंड्या भुंगा. तो शेणखताच्या उकिरड्यात आणि कुजत्या माडाच्या ओंडक्यात वाढतो, म्हणून माड राखायचा असेल तर आधी उकिरडा उपसून पांढऱ्या, वळलेल्या अळ्या काढाव्यात. शेंड्यातील भुंगा आकड्याने ओढावा आणि वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू समप्रमाणात भरावी. त्याने केलेल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तो खरा मारेकरी. खोडावर भोक, त्यातून ओघळलेला तपकिरी घट्ट द्रव, चघळलेल्या काथ्यासारखा चोथा, आणि खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज, या त्याच्या खुणा आहेत. ओल्या झावळ्या खोडालगत छाटू नयेत, मीटरभर दांडा राखावा, असे जे सांगतात ते याचसाठी. शेंडा एका बाजूला कलल्यावर बोलावणे आले तर मी माड पाडून, फोडून, आतले कोष नष्ट करण्याचाच सल्ला देते.

पावसाळी बुरशीजन्य रोगांत वेळ हेच मुख्य औषध आहे. फोंड्यातल्या सावई-वेरें, प्रियोळच्या कुळागरांत पोफळीच्या कोळेरोगाची कथा प्रत्येक घरात आहे: देठाकडे पाण्याने भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग, हिरव्याच सुपाऱ्यांचा खाली सडा, आणि पडलेल्या सुपारीवर पांढरी लव. सडा पडल्यावर फवारणीसाठी माणूस शोधणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते, कारण तोवर घोस आतून धरलेला असतो आणि पाऊस माणसाला वर चढू देत नाही. पहिली फवारणी मिरगाच्या सरी सुरू होण्यापूर्वी आणि दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप साधून, असा क्रम आहे.

बोर्डो मिश्रणाचा जन्म फ्रान्समधला. रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना किळस यावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींना केवडा रोग कमी होतो हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी हेरले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. आपल्या बाजूला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते पोफळीवर आणले. घरगुती प्रमाण सोपे आहे: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात आदल्या रात्री कापडाच्या पुरचुंडीत टांगून विरघळवावे, १०० ग्रॅम ताजा कळीचा चुना उरलेल्या ५ लिटर पाण्यात विरवून गाळावा, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या त्या पाण्यात सतत ढवळत ओतावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नकोत. तयार आकाशी मिश्रणात घासून लख्ख केलेले कोयत्याचे पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस पुटे चढली तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि पाने करपतील, म्हणून पुटे चढणे थांबेपर्यंत चुना वाढवावा. जुना, हवेने विरलेला चुना वापरल्यामुळे हे मिश्रण फसते आणि मग दोष मोरचुदाला दिला जातो. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मिरीच्या वेलीच्या मर रोगालाही तेच लागू आहे, मात्र तिथे बुंध्याशी पाणी न साचणे अधिक महत्त्वाचे.

देवळांच्या आवारातील चाफ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात तांबेरा येतो. पान उलटले की बोटाला नारिंगी भुकटी लागते. चाफा थंडीत पाने टाकणारच असतो, त्यामुळे मी त्यावर काही फवारत नाही. गळलेली पाने वेचून जाळते. आंब्याच्या मोहोरावरची भुरी मात्र पीकच नेते. मोहोरावर पिठासारखा थर दिसू लागताच लिटरला २ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक उन्हापूर्वी फवारावे, आणि फुले पूर्ण उमललेली असताना कीटकनाशक टाळावे, कारण त्याच वेळी माश्या-मधमाश्या फळधारणेचे काम करत असतात. आंब्यावरचे बांडगूळ फुलटोचे पक्षी पसरवतात. त्याची फांदी तोडताना गाठीच्या हातभर खालून तोडावी, नाहीतर आत रुतलेल्या मुळांतून ते पुन्हा फुटते.

शंका राहिली तर जुने गोवे येथे इला भागात भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आणि विभागीय कृषी कार्यालयातही दाखवता येते. नेताना रोगट व निरोगी दोन्ही भाग असलेली फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी न्यावी, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत ती इतर बुरशींनी भरून जाते.

आता विषांबद्दल. वडीलधारी मंडळी अजूनही माडाच्या बेचक्यात फोरेटची पुडी आणि आंब्याच्या भोकात डायक्लोरव्हॉसचा बोळा सुचवतात. या दोन्हींवर २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, आणि केरळमधील कासरगोडच्या काजूबागांवरून कुप्रसिद्ध झालेल्या एन्डोसल्फानला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच रोखले. पडवीत उरलेली पुडी वापरून संपवण्याचा विचारही करू नये. विकत घेताना डब्यावरचा त्रिकोण पाहावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, घरच्या बागेत लालचे काहीच काम नाही. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, बाटलीला भोक पाडावे, आणि पंप विहिरीच्या कठड्याजवळ कधीही धुऊ नये, कारण जांभ्याच्या भेगांतून पाणी विहिरीत उतरायला वेळ लागत नाही.